सूरबाईंची शिकवणी

सूरबाई मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होत्या. हे नाव आम्हीच ठेवलेलं. वॉर्डात काम करणाऱ्या आम्हा आयांना पेशंटांची परकी भाषा शिकवायला इस्पितळाने त्यांना नेमलं होतं. परीक्षेत नापास होईल तिची वॉर्डातून थेट धोबीखान्यात रवानगी, असा हुकूम होता. मला वॉर्ड सोडायचा नव्हता. नवरा गेल्यापासून घरी बोलायला भिंती होत्या. वॉर्डात निदान कण्हणारी माणसं तरी होती.

बाई हडकुळ्या, कायम एकाच करड्या स्वेटरात. हसणं त्यांच्या गावीही नव्हतं. खिशातून माउथ ऑर्गन काढायच्या आणि त्याच्यावर जुना दावा असल्यासारख्या वाजवायच्या. फळ्याला हात लावायच्या नाहीत. आधी चाल, मग चालीवर शब्द, आणि प्रत्येक शब्दाला डोळे मिटून एक चित्र. चित्र फिकं निघालं की सगळ्यांदेखत पाणउतारा. माझ्या शेजारणीने 'उशी'साठी नुसती उशीच पाहिली, तर म्हणाल्या, तुझ्या डोक्यातही कापूसच भरलाय. बिचारी हुंदके देत बसली आणि बाई पुढचा शब्द वाजवू लागल्या.

माझी तर रोज शोभा व्हायची. झाडं, मांजरं, पऱ्या, सगळं बघून झालं. सकाळी पाटी कोरी. शेवटी एकदा वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. डोळे मिटले तरी भिंतीतल्या खिळ्यासकट दिसते अशी कुठली खोली आहे, म्हणून विचारलं. मी वेडी, सांगून बसले: नवरा आजारी होता ती.

"मग शब्द तिथेच ठेवा," त्या म्हणाल्या. लगेच वाजवायलाही लागल्या.

'पाणी' हा शब्द त्याच्या सुकलेल्या ओठांवर ठेवला. 'दुखणं' बरगडीखाली. 'थांब' त्याच्या हातात, कारण शेवटी माझं मनगट धरून तो तेवढंच बोलला होता. सगळं असं घट्ट बसलं की परीक्षेत मी पहिली आले. वॉर्ड टिकला. मोठ्या सिस्टरांनी पाठ थोपटली.

मग एका दुपारी त्याचे कपडे आवरताना त्याची आठवण दाटून आली. तो 'थांब' कसा म्हणाला होता, ते आठवू गेले. माउथ ऑर्गन वाजला आणि मागोमाग तो परका शब्द आला. पुन्हा पुन्हा तेच. त्याचा आवाज काही केल्या येईना.

मी तडक वर्ग गाठला. "तुम्ही माझ्या नवऱ्याचा आवाज खाल्लात," म्हटलं.

बाई स्वेटराच्या बाहीने माउथ ऑर्गन पुसत होत्या. "माझ्या आईचा असाच गेला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही शिकला नसतात."

म्हणजे बाईंना ठाऊक होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरीही, लाज गुंडाळून, आवाज परत येतो का, म्हणून विचारलं.

"नाही."

दुसऱ्या दिवशी वॉर्डात एका म्हाताऱ्याने पाणी मागितलं. शब्द मला चटकन कळला. त्याला पाणी पाजलं, तोंड पुसलं आणि आडोशाला जाऊन सूरबाईंना मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्याही त्यांच्याच चालीवर आल्या.