आक्काची शेवटची चाल

कट्टा गावच्या बाजारात आक्कासाठी आलं निवडत होते, तेवढ्यात सुनेचा, प्रियाचा फोन आला. आक्का गेली. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. खोकल्यावर आलं हवं होतं तिला. दुकानदाराने पिशवी पुढे केली, ती मी घेतलीसुद्धा. बसमध्ये बसल्यावर ध्यानात आलं, आता हे आलं कोणाला...

आमच्या वाडीतल्या बायकांच्या फुगडीच्या गाण्यांना चाली आक्काच लावायची. शिकलेली म्हणाल तर कुठेच नाही. सकाळी आडाळ्यावर नारळ खवायला बसली की नाकातल्या नाकात ना ना ना सुरू. शब्द नाहीतच. शब्द नंतर कोणीतरी बसवायचं, अलीकडे प्रिया. "आधी वाट झाडूया गो, मगे मानसां येतली," असं आक्का म्हणायची. आणि झाडायची तरी किती! एकेक ओळ महिना महिना चालायची. एवढंसं वळण आज चढवायची, उद्या उतरवायची, परवा पुन्हा होतं तिथेच आणून ठेवायची. आम्हाला ऐकून ऐकून वीट यायचा, तिला नाही.

माझ्या लग्नानंतर थोड्याच वर्षांनी एकदा तिने लांबलचक तान असलेली सुरेख चाल केली होती. घरात बसून म्हणताना गोड वाटली. पण गौरीसमोर फुगडी घालताना अर्ध्यावरच बायकांचा दम संपला, एकीचा हात सुटला आणि सगळा घेरच बसला खाली. लोक हसले. आक्का हसली नाही. तेव्हापासून तिने नवीच रीत काढली. चाल झाली की आधी मला म्हणायला लावायची. आता माझा गळा कसा, हे सगळ्या वाडीला ठाऊक! "देवान तुझ्या गळ्यात माशाचो काटो इसारल्यान गो नलू," असं चिडवायची, आणि वर मलाच परसात उभी करून, "म्हण. नाचान म्हण," म्हणायची. मी साडी खोचून, पाय आपटत, धापा टाकत म्हणायची. गोठ्यातली गाय माझ्याकडे टक लावून बघायची. मी अडखळले की आतून हाक यायची, "थांब! हयच. हय अडाकलंस मां? मगे हयच चाल खोटी आसा." मी म्हणायची, "अगो आक्का, चाल बरी आसा, माझो गळोच खोटो." त्यावर तिचं ठरलेलं, "तुका जमला तर सगळ्यांक जमतला." की पुन्हा आडाळ्यावर. अशी माझ्या भसाड्या गळ्यातून गाळून निघालेली तिची गाणी आज दुसऱ्या वाड्यांतल्या बायकाही म्हणतात.

शेवटची चाल तिने अंथरुणावर केली. आवाज पार बसला होता, म्हणून बोटांनी खाटेच्या कडेवर ठेका धरायची. प्रिया मोबाइल घेऊन आली, "आक्का, रेकॉर्ड करून ठेवते." आक्काने हात आडवा केला, "शिजाचा आसा अजून. झाकण काडू नको." मी रोज म्हणायची आणि अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत रोज अडखळायची. "थांब... हयच. उद्या बघूया." त्या उद्याच मी कट्ट्याला गेले.

यंदा आमच्या घरात सण नाही. पण वाडीतल्या बायकांना गौरीला आक्काचीच नवी चाल हवी. प्रिया माझ्यासमोर येऊन बसली, "आई, आता ती फक्त तुमच्याकडे आहे." काय सांगू... देवाने ठेव ठेवायला गळा शोधला तो हा! मी म्हणत गेले, ती ऐकत गेली. "हे वळण आक्कांचं की तुमचं?" असं दहादा विचारलं तिने. कधी सांगता आलं, कधी नाही. दोन ओळी म्हणून मी थकून जायची. वयाचा थकवा वेगळा, हा वेगळा. आणि अंतऱ्याच्या त्या दुसऱ्या ओळीत आले की मी आपोआप गप्प व्हायची. अडखळायची म्हणून नव्हे हो... तिथे हाक यायची ना, तिची वाट बघायची सवय लागलेली.

काल शेजारच्या खळ्यात तालीम होती. मी गेले नाही, घरीच आडाळा घेऊन बसले. आडाळ्याचं पातं एका बाजूने झिजलंय. आक्का डावरी होती, मला त्यावर धड खवताच येत नाही. बाहेर गाणं सुरू झालं. अंतरा आला, दुसरी ओळ आली... आणि सगळ्याजणी एकदम थांबल्या. नुसत्या पावलांचा आवाज, धप धप धप. मग पुढची ओळ.

"आक्कान शेवटाक काय जागा ठेवल्यान बघ," कोणीतरी म्हणालं.

प्रिया परत आल्यावर तिला सांगावं, ते थांबणं आक्काचं नव्हे, माझं, असं मनात होतं. नाही सांगितलं. तेव्हा खळ्यात त्या पुन्हा म्हणू लागल्या, पुन्हा ती ओळ आली, आणि माझा नारळावरचा हात जागच्या जागी राहिला.