कुंकू लावलेली मोटार

मुंबईतल्या त्या मोटारींच्या पेढीला काचाच इतक्या होत्या, की आत शिरण्याआधी माणसाला स्वतःचं दर्शन दोनदा घडे. दादाने त्यांतल्या एका काचेत बघून टोपी सारखी केली. मग आत जाऊन, मॅनेजर पाहत असतानाच, कोटाच्या खिशातून पुडी काढली आणि मधोमध उभ्या असलेल्या नव्या मोटारीच्या बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं.

यात वेडेपणा काही नव्हता. अलिबागजवळ थळला आमच्या मामांचे मचवे, म्हणजे शिडाची गलबतं, होती. नवा मचवा करायला टाकला, की धनी जाऊन त्याच्या कण्याच्या लाकडाला हळदकुंकू लावी, नारळ ठेवी. त्यानंतर कुणी दुप्पट पैसे घेऊन आला तरी सुतार ते लाकूड त्याला देत नसे. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. दादा लहानपणी ते पाहत वाढला होता.

मॅनेजरच्या गळ्यात बो होता आणि डोक्यामागे बादशहांची तसबीर. पामच्या कुंड्यांमध्ये तो असा उभा होता, जणू मोटारी विकणं हा त्याचा धंदा नसून उपकार होता.

"लावा, लावा शेठ," तो म्हणाला. "शुभ असते. नंबर लागला की तार करू."

कारकुनाकडे ऑर्डर लिहवून बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "आपली झाली ती."

"ती दाखवायला ठेवलेली आहे, दादा. आपली मागाहून विलायतेतून बोटीने येणार."

"मास्तर, तू तुझी पुस्तकं वाच. तिला कुंकू लागलंय."

दादाचे रेवस बंदर ते अलिबाग असे टांगे चालत. त्या वर्षी जिल्ह्याच्या कचेरीने त्या रस्त्यावर उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा परवाना द्यायचं ठरवलं आणि पहिला अर्ज दादाचा होता म्हणून तो दादाला मिळाला. अट एकच होती. नारळी पौर्णिमेनंतर बंदर उघडेल त्या दिवशी मोटार रस्त्यावर उभी पाहिजे. नसली, तर परवाना दुसऱ्या अर्जदाराकडे जायचा. हा दुसरा अर्जदार उरणकडचा एक मिठागरवाला शेठ. त्याच्याकडे मोटार आधीपासूनच होती. परवाना त्याला मिळाला असता, तर त्या रस्त्यावर टांग्यात बसायला कुणी उरलं नसतं.

दादाने घोडे विकले. वहिनी म्हणाली होती, "मोटार दाराशी येऊ दे, मग विका."

"मोटार गवत खात नाही," दादा म्हणाला होता. ते खरं होतं. पण न आलेली मोटार काहीच करत नाही, एवढं मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

तार आली नाही. मी पत्रं लिहिली. उत्तरं इतक्या सुंदर इंग्रजीत येत, की वाचून झाल्यावर आपल्यालाच काहीतरी मिळालंय असं वाटे. आपल्या कृपापत्राबद्दल आम्ही अत्यंत आभारी आहोत. आपली मागणी आमच्या सर्वोच्च आस्थेचा विषय आहे. मी मराठी करून सांगायचो.

"म्हणजे कधी?" दादा विचारायचा.

ते त्यात नसायचं.

आषाढ सरत आला तसं दादाचं जेवण कमी झालं. ओटीवर बसून तो रस्त्याकडे बघत राही. गावातले लोक जाता-येता थांबत. "काय मोटारवाले, भोंगा ऐकू येत न्हाय तो!" आधी तो हसून उत्तर द्यायचा, पुढे नुसता हसायचा, आणि मग तेही थांबलं. वहिनी भाकरी पुढे ठेवून उभी राहायची.

श्रावण लागल्यावर आम्ही निघालो. पावसाळ्यात रेवसची बोट बंद, म्हणून धरमतरवरून लाँचने. पेढीत शिरताच दादा मधोमध गेला. तिथे आता पामची कुंडी होती.

"आमची मोटार कुठंय?"

"ती? ती एका राजेसाहेबांच्या चिरंजीवांना दिली. शिकारीसाठी."

"कुंकू लावलेलं होतं तिला!"

"पुसून दिली," मॅनेजर म्हणाला. "काळजी नको."

मग त्याने नंबराची पद्धत समजावून दिली. आधी सरकार, मग संस्थानं, मग किताबवाले, मग पेढीची जुनी गिऱ्हाइकं, आणि त्यानंतर पब्लिक. पब्लिकमध्ये मात्र अगदी काटेकोर न्याय होता. जो आधी आला तो आधी.

दादा खाली बसला. खुर्चीवर नाही, फरशीवर. "साहेब, पौर्णिमेला मोटार उभी न्हाय केली तर मी संपलो," तो म्हणाला. माझ्या भावाचा तसला आवाज मी तोवर ऐकला नव्हता. काचेबाहेर दोन माणसं थांबून आत बघत होती. मॅनेजरला ती माणसं आवडली नाहीत.

"उठा शेठ, उठा. एक आहे," तो घाईने म्हणाला. "नाशिककडच्या एका पार्टीची. तुमच्या वरचा नंबर. आज संध्याकाळी पेढी बंद होईपर्यंत नाही नेली, तर तुमची."

आम्हाला बाकावर बसवण्यात आलं. दादाची नजर दारावर होती. ओठ हलत होते. आधी वाटलं, देवाचं नाव घेतोय.

"या दिवसांत घाटात दरडी पडतात ना रे?" त्याने विचारलं.

"पडतात."

"कुणाला लागू नये. नुसती गाडी अडकावी." थोड्या वेळाने पुन्हा, "अडकावी, एवढंच."

दार उघडलं की तो अर्धा उठायचा. आलेला माणूस टायर नाहीतर दिवे बघायला आलेला असला, की बसायचा.

पंखे बंद करायला शिपाई उठला आणि तेवढ्यात एक माणूस आत आला. कोट भिजलेला, छत्री मोडलेली. कपाळ पुसायला त्याने टोपी काढली तेव्हा दिसलं, डोकं नुकतंच भादरलेलं होतं.

"वडिलांच्या नावावर मोटार आहे," तो म्हणाला. "तार मिळाली होती, पण दिवस घालून होईपर्यंत निघता येईना."

"वडील कुठे आहेत?"

त्याने भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

मॅनेजरने टेबलावरून हात उचलून छातीशी नेला, आणि क्षणभर मला वाटलं, हा माणूस आहे. मग तो म्हणाला, "फार वाईट झालं. पण ऑर्डर ज्याच्या नावाने, डिलिव्हरी त्यालाच. वारसाचा नंबर नव्याने लागतो. पेढीचा नियम." आणि दादाकडे वळला. "या शेठ. तुमची."

दादा उठला. टेबलापर्यंत गेला आणि थांबला. त्या माणसाला म्हणाला, "तुमचे वडील बघून गेले होते तिला?"

"नाही. पेढीने पाठवलेल्या चोपडीतलं चित्र होतं. आजारपणात उशाशी ठेवायचे."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी पुष्कळ वाचलेलं होतं. त्यातलं काहीच उपयोगी पडेना.

"घ्या हो तुम्ही," तो माणूस म्हणाला. रागाने नाही, थकून. "तुम्ही नाही म्हटलंत म्हणून मला थोडीच देणार आहेत."

"मला पौर्णिमेच्या आत…" दादा म्हणाला. त्याने टाक घेतला. मॅनेजरने स्वतः कागद धरला आणि दादाने सही केली.

आम्ही निघालो तेव्हा शिपाई दिवे मालवत होता. कोपऱ्यातल्या एका टेबलावर तेवढा दिवा राहिला होता. तिथे तो माणूस टोपी मांडीवर घेऊन बसला होता, आणि समोरचा कारकून नवी ऑर्डर लिहिता लिहिता त्याला अदबीने विचारत होता, रंग कोणता पसंत आहे.