आठे म्हणजे आठ नव्हे

दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले, त्या दिवसाबद्दल मी आजवर घरात कुणालाच सांगितलेलं नाही. आज सांगतेय... टाइप नात करून देतेय. चुका दिसल्या तर त्या तिच्या नाहीत, माझ्या.

एरंडोल तालुक्यातलं एक गाव, मुलींची प्राथमिक शाळा. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं. मी बावीस वर्षांची, धुळ्याला ट्रेनिंग करून आलेली नवी कोरी बाई.

पहिलीला अक्का शिकवायच्या. चोवीस वर्षं पहिलीच. घरी अहिराणी बोलणाऱ्या पोरींना त्या आधी अहिराणीतच बोलतं करायच्या आणि मग हळूहळू मराठीवर आणायच्या. दिवाळीपर्यंत पोरी धडे वाचायला लागत. मला ट्रेनिंगमध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं, मी अक्कांच्या वर्गाच्या दारात उभी राहून शिकले.

त्या वर्षी आमच्या मोठ्या बाई निवृत्त झाल्या, शाळेत उरलो अक्का आणि मी. त्यांच्या खुर्चीवर आता अक्काच बसणार, हे सगळं गाव धरून चाललं होतं. अक्कांनाही ती जागा हवी होती... निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. एकदा डबा खाताना त्या मला म्हणाल्या, "पोरी, पहिलीला शिकवणं म्हणजे पोरं सांभाळणं नव्हे. हे एकदा कुणीतरी कागदावर लिहायला हवं."

आता माझं सांगते. मी पाचोऱ्याजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. आईच्या तोंडात अहिराणीच. पण धुळ्याच्या वसतिगृहात मुली माझ्या बोलण्याला हसल्या आणि तेव्हापासून मी असं काही शुद्ध बोलायला लागले की अक्कांनाही मी शहरातलीच वाटायचे.

साहेब पुण्याकडचे होते; आले तेही भर पावसाळ्यात, पहिलीच्या पोरी अजून अहिराणीतच बोलत होत्या. ते वर्ग तपासत तेव्हा त्या वर्गाच्या बाईंनी बाहेर थांबायचं, खाणाखुणा नकोत म्हणून. अक्का व्हरांड्यात गेल्या आणि हजेरीपट घेऊन मी साहेबांजवळ उभी राहिले.

पुढच्या रांगेत द्वारका नावाची एक चुणचुणीत पोर होती. साहेबांनी तिला विचारलं, "तुझं घर कुठे आहे?" ती ताठ उभी राहून म्हणाली, "आठे." अहिराणीत आठे म्हणजे इथे. साहेबांना ऐकू आलं आठ. त्यांनी पुन्हा विचारलं, "अगं, तू कुठली?" द्वारका म्हणाली, "आठली." म्हणजे इथलीच.

साहेब माझ्याकडे बघून हसले. "ह्यांना आठाशिवाय दुसरं काही येत नाही वाटतं."

आणि मीही हसले...

एक वाक्य बोलायचं होतं फक्त. पण ते बोलले असते तर साहेबांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं समजलं? मग मी कुठली, ते उघडं पडलं असतं. मोठ्या बाईंची जागा तेव्हा माझ्या मनातही नव्हती, असं मी स्वतःला कित्येक वर्षं बजावत आले. खरं काय ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं की पहिलीच्या मुलींना साधे प्रश्नसुद्धा समजत नाहीत. महिन्याभरात वरून ऑर्डर आली. मोठ्या बाई म्हणून माझं नाव होतं.

अक्कांनी ऑर्डर वाचली, चष्मा काढून पुसला आणि मला पहिल्यांदा "तुम्ही" म्हणाल्या. इतकं वाईट मला आयुष्यात क्वचित वाटलं असेल.

पण पुढचं त्याहून वाईट होतं. आपणच पोरींना कमी पडलो असं अक्कांनी धरून घेतलं आणि वर्गात अहिराणी बंद केली. दिवसभर कलकलाट करणारा तो वर्ग गप्प झाला. द्वारका फळ्यासमोर तोंड मिटून उभी राहायची... कापूस वेचणी सुरू झाली तशी ती आईबरोबर शेतात जायला लागली, ती परत आलीच नाही. पटावरून तिचं नाव मीच कमी केलं, माझ्या हाताने.

अक्का पहिलीच्या बाई म्हणूनच निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम आटोपल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं आणि रडले. त्या माझ्याशी पहिल्यांदाच अहिराणीत बोलल्या, "माफी माले नको, माय. ती पोर बरोबर व्हती, हाई तिले जाईसन सांग."

दुसऱ्याच दिवशी मी द्वारकाच्या घरी गेले. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, कामधंद्यासाठी कधीच गाव सोडून गेलेत, सुरतेकडे असतील. याहून जास्त कुणालाच माहीत नव्हतं.

मी पुढे तीस-पस्तीस वर्षं मुख्याध्यापिका होते. पहिली घडवणाऱ्या अनुभवी बाईला तिचा वर्ग न सोडता बढती मिळावी, म्हणून दर वर्षी अर्ज करायचे. नियमात बसत नाही, असं दर वर्षी उत्तर यायचं. हसू नका, पण मी त्या अर्जांनी स्वतःचीच समजूत घालत होते. अक्का केव्हाच गेल्या... त्यांना शेवटपर्यंत कुणी कागदावर काही लिहून दिलं नाही.

द्वारका आता सत्तरी ओलांडून गेली असेल. तिची नातवंडं फोन बघत असतील, कुणास ठाऊक... एवढ्या आशेवर हे लिहिलं.

द्वारके, तुनं उत्तर बरोबर व्हतं. माले तवयच समजनं व्हतं.