ओटीच्या दिवशीची साखर

सीमा म्हणजे निजायच्या आधी गॅसचं बटन दोनदा पाहणारी बाई. अकोल्यात घरी शिकवण्या घेताना पोरांची साधी वजाबाकीसुद्धा ती पुन्हा तपासायची. पोटुशी असलेल्या लेकीची, प्रतीक्षाची, साखर वाढल्याचं कळलं तेव्हापासून तर तिच्या जिवाला थारा नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, साखर आवाक्यात राहिली नाही तर बाळ पोटात फार वाढतं, बाळंतपण अवघड जातं. पथ्य आणि इन्शुलिन नीट चाललं तर भ्यायचं कारण नाही. सीमाच्या कानात पहिलंच तेवढं राहिलं.

सातव्या महिन्याची ओटी अमरावतीला, प्रतीक्षाच्या सासरी होती. सीमा पोचली ती थेट स्वयंपाकघरात.

"सुभद्राताई, तिले कोणी गोड देऊ नका."

"अवं, मंग वाटीतला पेढा?" विहीणबाईंनी विचारलं. झाकलेल्या दोन वाट्या तयार होत्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. सून जी उघडेल तिच्यावरून मुलगा की मुलगी ते बायका सांगणार होत्या.

"उघडू द्या. खायचं नाही."

"मास्तरीण हाये तुही माय," सुभद्राबाई सुनेला म्हणाल्या. "लेकराले पोटातूनच पथ्यावर ठेवून राहिली."

पानं मांडलेली पाहून प्रतीक्षानं जेवणाआधीचं इन्शुलिन घेतलं. तेवढ्यात अंजनगावच्या आत्याबाई आल्या आणि आधी ओटी, मग जेवण असं ठरलं. फुलांचे दागिने चढले, फोटो झाले, एकेक सवाशीण पुढे येऊ लागली. सीमाची नजर पेढ्याच्या वाटीवर. लेकीचं पान अजून कोरडं आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"आई, हात थरथर कापून राहिले माहे," प्रतीक्षा हळूच म्हणाली. कपाळावरची फुलं घामानं चिकटली होती.

सीमानं पिशवीतून साखर मोजायचं मशीन काढून तिचं बोट टोचलं. आकडा फार खाली होता. इन्शुलिन अंगात आणि पोट रिकामं.

"साखर आणा. पाण्यात ढवळून आणा लवकर."

"आता काहून साखर?" सुभद्राबाई बोलल्या खऱ्या, पण विहिणीचं तोंड पाहून धावल्याही.

प्रतीक्षा ते पाणी प्यायली. काही वेळानं पुन्हा बोट टोचलं, तेव्हा आकडा वर आला होता. सुभद्राबाईंनी सवाशिणींना बाजूला सारून भाकरी, डाळ, मेथीची भाजी वाढलेलं ताट सुनेपुढे ठेवलं.

"ओटी कुठं पळून नाही चालली. आधी जेव, माय."

सीमानं डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी जेवू द्या, मग परत तपासा आणि संध्याकाळी दाखवून जा म्हटलं. तरी तिचा हात लेकीच्या पोटावरच होता.

"हललं का गं?"

"आई, आत्ताच तर विचारलं तू."

मग तळव्याखाली एक लाथ बसली. दोघींनाही ती कळली. आत्याबाई वाट्या उघडायला सांगत होत्या. सीमानं हात काही काढला नाही. ती दुसऱ्या लाथेची वाट पाहत होती.