अर्जदार, मुलीची आई

आमचे हे नांदेडच्या कचेरीसमोर लिंबाखाली चटई टाकून बसत आणि लोकांच्या अर्ज्या लिहीत. निजामाच्या राज्यात कचेरीचा सगळा कारभार उर्दूत. खेड्यातली माणसं आपलं गाऱ्हाणं मराठीत सांगायची, हे ते उर्दूत चढवायचे आणि खाली अंगठा घ्यायचे. यांच्या हातून गेलं की साध्या गोष्टीलाही जरीचे कपडे चढत. बकरी चोरीला गेली एवढं सांगायला हे अर्धं पान घेत.

एकदा विष्णुपुरीकडची एक बाई आली. दिराने पुढे केलेल्या कागदावर तिने अंगठा लावला होता. दीर म्हणाला होता, सरकारी हजेरीचा कागद आहे. निघाला शेतावरचा हक्क सोडल्याचा. त्या दिवशी हे घरी आले ते पाय न धुताच बसले आणि म्हणाले, "माझी पोरगी कुठं अंगठा लावणार न्हाई." मराठी ते तिला शिकवतच होते. दुसऱ्या दिवसापासून आमच्या आठ वर्षांच्या एकुलत्या पोरीचं अलिफ-बे सुरू झालं.

याला सगळ्यात मोठा विरोध कुणाचा होता म्हणाल, तर माझा. "भाकरी येत न्हाई अन् उलट्या अंगानं लिहायला शिकून राहिली," मी म्हणायची. "सासरी काय उलटी भाकरी थापणार हाय?" हे म्हणायचे, "भाकरी काय, कुणीबी शिकतं." असं म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी पिठात हात घातला नव्हता, हे तेव्हा मला सुचलंसुद्धा नाही.

दहाव्या वर्षी पोरीने पहिली अर्जी लिहिली, ती माझ्याविरुद्ध. यांचा धाकटा भाऊ आमच्याकडे राहायचा. शाळेत मास्तर होता, लग्न व्हायचं होतं. दुधावरची साय त्याच्या वाटीत जायची आणि खरवडायला पातेलं पोरीकडे यायचं. तिने अर्जीत लिहिलं की दूध उतू जाऊ नये म्हणून चुलीपाशी राखण बसते ती अर्जदार, आणि साय खातात ते काका, ज्यांनी त्या दुधाकडे एकदाही पाहिलेलं नाही. ह्यांनी ती अर्जी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा मला मराठी करून सांगितली आणि तिथल्या तिथे फैसला दिला: साय निम्मी निम्मी. मग लिंबाखालच्या यच्चयावत माणसाला ती गोष्ट सांगितली. आठवडाभर हे जमिनीपासून चार बोटं वरून चालत होते.

त्याच सुमारास यांना भाषणाची चटक लागली. वाचनालयात पंधरा-वीस माणसं जमत आणि हे स्त्रियांच्या हक्कांवर बोलत. भाषण झालं की ती सगळी माणसं चहाला आमच्याकडे. एकदा मी दाराआड पोह्यांना फोडणी देत होते. बाहेर हे सांगत होते, "स्त्री ही घरची मालकीण आहे, तिला बरोबरीचा मान पाहिजे." टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या न थांबल्या तोच हे आत बघून ओरडले, "कुणी हाय का घरात? पाणी आणा!"

पोरगी माझ्याजवळच बसली होती. तिने एकदा बाहेर पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आई, तुझी कायबी तक्रार न्हाई का?"

"मला कसली आलीय तक्रार?"

"एकबी न्हाई?"

मी म्हटलं, "तशी एक हाय." झालं! ती कागद घेऊन बसली आणि मी पोहे परतता परतता सांगत गेले. पाच माणसांना पुरेल एवढ्या तक्रारी माझ्या एकटीच्या पोटात होत्या, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाली, रोज सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं गार अन्न मी एकटी जेवते. मला घरात 'कुणी' म्हणून हाक मारतात. लातूरला माहेरी जाऊन चार वर्षं झाली, दर वेळी 'पुढल्या महिन्यात' ठरतं. बाजारातून माळवं आणतात ते वांगीच आणतात, आणि मला वांगं बघवत नाही. पोह्यांची खरपुडी झाली तरी माझं संपेना.

तीन पानं भरली. तिने ती मला वाचून दाखवली. सगळं उर्दू, त्यात मला फक्त 'लातूर' तेवढं कळलं.

"ह्ये मी बोलले?" मी विचारलं.

"हाव. नुसतं सजवलं."

मी अंगठा पुढे केला, तर तिने कागद मागे ओढला. "अंगठा न्हाई. सही कर."

मला अक्षरओळख नव्हती. मग अर्जी डब्यात गेली आणि माझी शाळा सुरू झाली. रोज दुपारी परातीत ज्वारीचं पीठ पसरायचं आणि त्यावर बोटाने माझं नाव काढायचं, मराठीत. नाव चारच अक्षरांचं, पण तिसरं अक्षर आठ दिवस माझ्याशी भांडत होतं. पोरगी मास्तरापेक्षा कडक. "आई, ह्ये अक्षर न्हाई, ह्ये विळी हाय," म्हणायची आणि पीठ पुसायची. नवव्या दिवशी मी कागदावर सही केली. ती चढावर चढत गेली आणि शेवटचं अक्षर मावेना म्हणून खालच्या ओळीत उतरलं. पण मी तो कागद कितीतरी वेळ खाली ठेवला नाही.

शुक्रवारी कचेरीला सुटी. हे चहा घेत असताना पोरीने अर्जी पेश केली. ह्यांनी कौतुकाने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "वा! अक्षर बघा! इथं अक्षरावरचा नुक्ता राहिला... पण भाषा? भाषेत तर माझ्यावर ताण केली." मधेच दिराला म्हणाले, "ऐक रे, तक्रार ज्याच्यावर, त्या मुद्दालेहचं वर्णन कसं केलंय. 'जो बाहेर न्यायाच्या गोष्टी करतो आणि...'" इथे आवाज बारीक झाला. पुढचं पान मनात वाचलं. तिसऱ्या पानाला चहा गार झाला होता.

"मुद्दालेह मी हाय का?"

"हाव, अण्णा," पोरगी म्हणाली.

"अन् ह्ये सगळं तुला सांगितलं कुणी?"

"खाली सही हाय अर्जदाराची."

ह्यांनी सहीकडे पाहिलं. मग दाराकडे, जिथे मी पदराचं टोक पिळत उभी होते. "ही तू केलीस?" मी मान हलवली. ह्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. मग घसा खाकरून म्हणाले, "बरं. मी विचार करून फैसला देतो."

"मुद्दालेहला फैसला देता येत न्हाई," पोरगी म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय."

मग न्याय द्यायला मुन्सफ म्हणून शेजारच्या खालांना बोलावलं; उर्दूत खाला म्हणजे मावशी. त्यांच्या घरी कापड रंगवायचा धंदा होता, त्यामुळे त्यांचे हात कोपरापर्यंत कधी निळे तर कधी केशरी असत. त्या दिवशी हिरवे होते. त्या मागच्या दाराने आल्या, चौरंगावर बसल्या, तोंडात पान सरकवलं आणि यांना म्हणाल्या, "मियाँ, एकच सवाल. बीवी कू कौनसी तरकारी भाती?"

ह्यांनी छाती पुढे काढून सांगितलं, "वांगी!"

दीर इतका हसला की त्याला ठसका लागला. खालांनी फैसला दिला: आजपासून सगळे एका पंगतीत जेवणार. बायकोला महिनाभर लातूर. आणि तोवर घरचं रांधणं मुद्दालेह करणार.

"मी हैद्राबादला अपील करीन!" हे म्हणाले.

"कर लेव," खाला म्हणाल्या. "लिखेगा कौन? छोकरी तो उधर है."

तिसऱ्या दिवशी मी आणि पोरगी मोटारीत बसलो. लातूरला माझ्या वडिलांनी सगळी हकीकत ऐकली आणि डोक्याला हात लावला. पोरगी मात्र आजोबांच्या शेजारी पाट मांडून जेवायला बसली आणि विचारलं, "मामी कुठं बसणार?" मामी चुलीपुढे गोठूनच गेली. पण दोन दिवसांनी तीच मामी भांडी घासता घासता पोरीच्या कानात काहीतरी सांगताना मला दिसली. मग गल्लीतली एक बाई आली, मग तिची जाऊ आली. दुपारी माजघरात कागदांची चळत वाढायला लागली. फैसल्यात महिना होता, पण अठराव्या दिवशी वडिलांनी स्वतः आम्हाला मोटारीत बसवलं. वर म्हणाले, "नात माझी लई हुशार हाय. पर तिला नांदेडातच ऱ्हाऊ दे."

घरी आले तर दोघे भाऊ वाळले होते. पिठलं यांना जमलं होतं. भाकरी जमली नव्हती, तिचे तुकडे जोडून हे गोल करून दाखवत होते. हाताला दोन ठिकाणी चटका होता. मी न विचारताच म्हणाले, "कुणीबी शिकतं असं मी म्हणलो व्हतो, ते मागं घेतो."

आणि पहिल्याच पंगतीला घोटाळा झाला. पानं मांडली आणि वाढणार कोण, हे कुणालाच कळेना. शेवटी भांडी मधे ठेवली. यांच्यासमोर जेवायचं म्हणून मला घास उतरेना. मी म्हटलं, "मी थोडे दिवस भिंतीकडं तोंड करून बसते."

"फैसला झालाय," पोरगी म्हणाली. मी तशीच बसले. मला वाढताना ह्यांनी निम्मं पिठलं खाली सांडलं, आणि पोरीने फडकं माझ्याकडे न देता यांच्याकडे सरकवलं. ह्यांनी पुसलं. वाईट पुसलं, पण पुसलं.

दोन वर्षांनी दिराचं लग्न झालं. नवरी देगलूरकडची, मराठी बोलता बोलता मधेच तेलुगूत शिरायची. पहिल्या दिवशी पानं मांडली तर ती दाराला टेकून उभी, पदर कपाळापर्यंत. पोरीने पाचवं पान मांडलं तशी ती घाबरली आणि रडायलाच लागली. मी उठले, तिला हाताला धरून आणलं आणि माझ्या शेजारी बसवलं.

"बस," मी म्हटलं. "इथं कुणी मागून जेवत न्हाई. आधी गरम हाय तोवर खाऊन घे. मग खुशाल रड."