कानबाईची पहिली ओळ

हितेंद्र नेमकं करतो काय, हे जळगावात त्याच्या गल्लीतल्या कुणालाच धड सांगता येत नाही. गातो का? छे. पेटी, तबला? तेही नाही. सिनेमात आणि मालिकांत कुठल्या प्रसंगाला कुठलं गाणं शोभेल ते हुडकायचं, ज्याचं असेल त्याला गाठून परवानगी मिळवायची, आणि गाणं पडद्यावर नीट बसेपर्यंत दिग्दर्शकाचा पिच्छा सोडायचा नाही, असा हा उद्योग. तो करणाऱ्याला म्युझिक सुपरवायझर म्हणतात. एकदा सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यांनी त्यातला सुपरवायझर तेवढा धरला आणि पाइपच्या कारखान्यात कोणत्या पाळीला असता म्हणून विचारलं. हितेंद्रनेही वैतागून पहिली पाळी सांगून टाकली.

माणूस जात्याच अस्वस्थ. पायाला भिंगरी आणि कानाला चैन नाही. लग्नाच्या पंगतीत बसला तरी हातातला घास हातातच, लक्ष बाहेरच्या बँडकडे. वाढपी दोनदा येऊन जातो आणि वरण निवून जातं. आई म्हणते, याला जेवण नको, नुसता लाउडस्पीकर पुढ्यात ठेवा.

तर अशा या माणसाला मुंबईच्या एका कंपनीची वेबसिरीज मिळाली. गोष्ट खानदेशातली, शूटिंग धुळ्याजवळ, आणि पडद्यावरच्या पाटीत पहिल्यांदाच एकट्या हितेंद्रचं नाव येणार होतं. घोडं अडलं ते एका प्रसंगाशी. लग्न होऊन मुलगी घर सोडते, तिथे दिग्दर्शकाला काहीच पसंत पडेना. हितेंद्र धाडायचा, तो नाकारायचा. शेवटी कंटाळून याने गेल्या श्रावणात मोबाईलवर घेतलेलं मावशीचं गाणं पाठवलं. नुसतं ऐकून ठेवा म्हणून, वापरायला नव्हे. परवानगी हातात नसताना गाणं ऐकवायचं नाही हा या धंद्यातला पहिला धडा, आणि हा शहाणा तोच विसरला. दिग्दर्शकाने ते ऐकलं, डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या प्रसंगाचं संकलन त्या गाण्यावर बेतून मोकळा झाला.

आता हे गाणं म्हणजे कानबाईचं, खानदेशातल्या घराघरातल्या देवीचं. श्रावणात रविवारी ती घरात बसते, रात्रभर बायका जागतात, गातात, आणि सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन नदीवर पोचवायला निघतात. मावशीच्या पांझरेकाठच्या गावात, कानबाई उंबरा ओलांडते तेव्हाच हे गाणं म्हणायचं, एरवी नाही. पहिली ओळ हितेंद्रची मावशी तानुबाई म्हणते, मग बाकीच्या बायका उचलतात. तिच्याआधी कुणी तोंड उघडत नाही.

हितेंद्र परवानगीचा कागद घेऊन मावशीकडे गेला. घरचंच तर काम आहे, चहा होईस्तोवर सही होईल अशा थाटात. तानुबाईने सरळ नाही म्हटलं. हे कानबाईला वाटेला लावायचं गाणं. ते मालिकेत घातलं तर घरोघर, कोणत्याही वेळी वाजणार. लोकांच्या घरातून रोज उठून कानबाईला बाहेर काढायचं का?  हितेंद्र कोरा कागद घेऊन परत निघाला, आणि एरंडोल येईपर्यंत दिग्दर्शकाचे दोन फोन येऊन गेले.

पुढचे दिवस त्याने नुसत्या घालमेलीत काढले. दुसरं गाणं लावून पाहिलं, ते त्या प्रसंगात उपऱ्यासारखं वाटे. जेवण जाईना, झोप येईना. पुन्हा पारोळ्यामार्गे धुळं, पुन्हा गाव. या खेपेला तो धंद्याचं काही बोललाच नाही. गाणं नाही मिळालं तर हे काम जाईल, आणि हे गेलं की पुढे कुणी दारात उभं करणार नाही, एवढंच म्हणाला आणि मान खाली घालून बसला.  तानुबाईला स्वतःचं मूल नाही. याला तिने लहानपणी कडेवर खेळवलेलं.

"तुले पाहिजे ना? मंग ले भाऊ. तुले दिधं," ती म्हणाली.

कागद तिने वाचून घेतला नाही. सही केली आणि चुलीकडे वळली. हितेंद्र आनंदाने एवढा खुळावला होता, की मावशी त्यानंतर त्याच्याशी फारसं बोलली नाही हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

मालिका गाजली. गाणं तर पानाच्या ठेल्यावर, रिक्षात, कुणाच्याही खिशात वाजू लागलं. हितेंद्रला पुढची कामं आली. तरी ते कानावर पडलं की तो उठून बाहेर जाई; का, ते त्यालाही सांगता येत नसे.

श्रावणात तो हौसेने मावशीकडे गेला. सोमवारी सकाळी मावशीची पुतणसून सुनिता कानबाई डोक्यावर घेऊन उंबऱ्याशी उभी राहिली. बायका मागे दाटल्या. आणि तानुबाई पदर खोचून सगळ्यांच्या मागे जाऊन उभी. कुणीच म्हणेना. हितेंद्र हसत म्हणाला, मावशी, कर ना सुरू.

"ते आते तुनं शे," तानुबाई म्हणाली.

गाणं म्हणे आता हितेंद्रचं! त्याने घाईघाईने समजावलं, की कागदात तसं काही नाही, तू हजारदा म्हण, कुणी अडवत नाही. तानुबाई कागदाचं बोलतच नव्हती. सासूने तिला पहिली ओळ दिली, त्या दिवसापासून मरेपर्यंत सासू मागेच चालली. गाणं देतात ते असं. तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं, असं हितेंद्रला वाटलं.

"दिधेल परत लेतस का, भाऊ?"

तेवढ्यात एका पोरीने मोबाईलवर मालिकेतलं गाणं लावलं. खाली व्हायोलिन आणि वर तानुबाईचा आवाज. बायकांनी धीर करून साथ धरली, पण तिसऱ्या ओळीला सगळ्या तोंडघशी पडल्या. ती ओळ मालिकेतल्या गाण्यात नव्हतीच. प्रसंग लांबतो म्हणून हितेंद्रनेच ती काढायला मान डोलावली होती. गाणं भलतीकडे उडालं आणि सुनिताने पाऊल उचलायच्या आत संपलं. तिची मान अवघडली होती. सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या.

लाज, निव्वळ लाज वाटली त्याला. त्या गावात कुणा पुरुषाने ती पहिली ओळ कधी म्हटली नव्हती, आणि हा तर आयुष्यात चारचौघांत कधी गायलाच नव्हता. त्याने तोंड उघडलं. आवाज फाटला, सूर खाली लागला, पण ओळ पुरी झाली.  मग मागून एकाच बाईने ती उचलली, त्याच्याच खालच्या सुरात, आणि पाठोपाठ बाकीच्यांनी. सुनिताने उंबरा ओलांडला. उचलणारी तानुबाई होती, हे हितेंद्रला वळून न बघताच कळलं, आणि रडत रडत तो पुढची ओळ म्हणू लागला.