बंद मागांचा रिपोर्ट

"सही केलीय ना? मगे लिवा!" असं म्हणून काका माझ्या टेबलावर दोनदा बोट आपटायचे. हे मला उद्देशून नसायचं. ते भारत सरकारला सांगत असायचे.

भोईवाड्यात कोर्टासमोर माझं टायपिंगचं टेबल होतं. काका लालबागच्या एका गिरणीत विणकाम खात्यातले कारकून. पाळी संपली की किती माग चालले, किती बंद पडले आणि का, हे त्यांनी लिहायचं. ते वाचल्याशिवाय पुढच्या पाळीने मागाला हात लावायचा नाही. संप झाला आणि गिरणी पुन्हा उघडलीच नाही. पुढे कुठल्याशा सभेत त्यांनी ऐकलं, की आपल्या सरकारने मानवी हक्कांच्या जागतिक करारावर सही केली आहे. लोकांना काम, छप्पर, औषधपाणी मिळतं का, याचा अहवाल ठरावीक वर्षांनी जिनिव्हाला, संयुक्त राष्ट्रांकडे धाडायचा असतो, आणि तो राहिला आहे. तुम्ही-आम्ही चहा पिऊन घरी गेलो असतो. काकांना मात्र नोकरी गेल्यापेक्षा रिपोर्ट राहिल्याचाच धक्का मोठा.

दर महिन्याला ते माझ्याकडून टाइप करून घेऊन दिल्लीला स्मरणपत्र धाडायचे. एकदा सोबत गिरणीचा पाळीचा कोरा तक्ता जोडला.

"हा कशाला, काका?"

"नमुनो हो, बाई. तेंका जमत नसात."

दिल्लीहून उत्तर आलं: आपला नोकरीचा अर्ज योग्य त्या कार्यालयाकडे पाठवला आहे. मी हसत सुटले. काकांनी ते पत्र जपून घडी करून ठेवलं. "म्हणजे कोणीतरी वाचतंय," म्हणाले.

काही वर्षांनी सरकारने अहवाल दिला. कोर्टातल्या एका वकिलाने त्याची प्रत आणली. काका माझ्या बाकावर तीन दिवस पट्टी धरून एकेक ओळ वाचत होते. गिरण्या बंद पडून माणसं घरी बसली, एवढी एक ओळ त्यांना हवी होती. ती नव्हती.

"खोटा काय नाय," ते सावकाश म्हणाले. "फक्त बंद माग लिवले नाय."

मला इतका संताप आला, की आज आपण शिव्याच टाइप करू म्हटलं. ते म्हणाले, "शिवी फाईलीत बसत नाय, बाई." आणि सरकारने गाळलेली माहिती आपणच जिनिव्हाला कळवायची, असं ठरवून ते चाळी पालथ्या घालू लागले. नाव, खातं, काम कधीपासून बंद.

"काम मिळणार काय, काका?" लोक विचारायचे.

"नाय. नोंद होणार."

आश्चर्य म्हणजे लोक तरीही सांगायचे.

काका वारल्यावर पंधरा दिवसांनी काकी कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या. मी सगळी यादी टाइप केली. काकांचं नाव कुठेच नव्हतं.

"मी इचारलंय तेंका," काकी म्हणाल्या. "म्हणाले, लिवणाऱ्यान आपला नाव लिवचा नसता."

मला रडू आवरेना. शेवटी मी त्यांचं नाव घातलं, खातं घातलं. 'काम कधीपासून बंद' या रकान्यापाशी मात्र बोटं अडली. या माणसाने एक दिवसही काम बंद ठेवलं नव्हतं. तो रकाना मी कोराच सोडला आणि पाकीट पोस्टात टाकलं.